दाराकडे तोंड केलेले बूट

माझा भाचा सुहास काश्मीरमध्ये दहशतवाद्यांशी लढणाऱ्या तुकडीत आहे. दहा दिवसांच्या रजेवर तो आमच्याकडे आला आणि माझी नजर त्याच्या बुटांवर गेली. दाराशी शेजारीशेजारी, टोकं बाहेरच्या दिशेला, मोजे आत खोचलेले. बाजूला माझी एक चप्पल होती. दुसरी नेहमीप्रमाणे बेपत्ता.

आमच्या हिने आवराआवरीच्या भरात ते बूट दोनदा कपाटात ठेवले. त्याने दोन्ही वेळा गुपचूप पुन्हा दाराशी आणून मांडले.

"अरे, रजेवर आहेस ना?" मी म्हणालो.

"मी आहे मामा, बूट नाहीत," तो हसला.

चौथ्या दिवशी जेवताना फोन आला. रजा रद्द. पानातला भात संपवून, ताट उचलून तो मामीच्या पाया पडला. माझ्या पाया पडायला आला, तर मी दुसरी चप्पल शोधत सोफ्याखाली! शेवटी अनवाणीच फाटकापर्यंत धावलो, तोवर रिक्षा वळली होती.

सैन्याची सज्जता म्हटलं की मला रणगाडेच आठवायचे. अशी किती माणसं, किती घरांत, हातातला घास संपताच निघायच्या तयारीत असतात, हे कधी मनातच आलं नव्हतं.

दाराशी ती जागा आमची ही आता मोकळी ठेवते. माझी चप्पल तिथे दिसली की ओरडते, "उचला ती! सुहासची जागा आहे." मी मुकाट्याने उचलतो. त्याने परत यावं आणि एकदा तरी ते बूट घराकडे तोंड करून काढावेत, एवढंच वाटतं.