यंत्रघरातली उदबत्ती

ती घटना आजही माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी उभी राहते. राज्य नवे, राजधानी नवी. रायपुरात जिकडेतिकडे पाये खोदले जात होते. त्या वेळी मी सहायक उपनिरीक्षक होतो. पुढे मुदतीपूर्वी निवृत्ती घेतली आणि आता कचेरीच्या आवारात बसून लोकांचे अर्ज लिहितो. शिक्षण मॅट्रिकपर्यंतच झाले. तथापि माझ्या लेखणीतून उतरलेला अर्ज साहेब लोक परत करीत नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. प्रस्तुत प्रकरणही मी त्याच काळजीने मांडीत आहे.

आमच्या हद्दीत एका विद्यापीठाची जैववैद्यकीय संशोधनाची इमारत उभी राहत होती. तिच्यात एक बंदिस्त खोली होती. तेथे पुढे रोगजंतूंवर काम व्हायचे असल्याने तेथील हवा बाहेर पडता कामा नये, अशी योजना होती. त्यासाठी एक मोठा पंखा खोलीतली हवा सतत ओढून, गाळून, छपरावरून सोडत असे. त्यामुळे फट कोठेही असो, हवा आत येणार, बाहेर जाणार नाही. दाराबाहेर ही ओढ दाखविणारा एक काटा बसविला होता. तो ठरलेल्या रेघेवर टिकला की इमारत विद्यापीठाच्या ताब्यात जाणार होती. काटा काही केल्या टिकत नव्हता.

एके सकाळी ठेकेदाराचा सुपरवायझर लेखी तक्रार घेऊन ठाण्यात आला. तक्रारीचा मथितार्थ असा, की शेजारच्या यंत्रघरात बसणारा यंत्रचालक पंखा मुद्दाम बिघडवतो; ज्यांना ठेका मिळाला नाही त्यांनी त्याला फितवले आहे. ठाणेदारांनी मला हुकूम केला, "आणा त्याला. संध्याकाळपर्यंत उलगडा झाला नाही, तर अटक दाखवू."

यंत्रचालक चाळिशीचा, आपल्याच विदर्भाकडचा मराठी माणूस. नोकरी कच्ची. अटक झाली की ती संपणार होती. आणि मशीन फोडणारा असा बट्टा लागलेल्या मिस्त्रीला पुढे उरल्याच्या कारखान्यांतही कोणी उभे करणार नव्हते.

त्याला आणण्यापूर्वी मी इमारतीच्या फाटकावरच्या चहावाल्याला गाठले. तो माझा जुना खबरी.

"हव साहब," तो म्हणाला, "रोज दोपहर को झोला छुपा के मशीनघर में जाथे. झोला भरा जाथे, खाली आथे."

झोला भरलेला आत जातो आणि रिकामा बाहेर येतो, ही खबर पक्की होती. यंत्रचालकाला ठाण्यात आणून मी चौकशी सुरू केली.

"झोल्यात काय नेतोस?"

"काहीच नाही साहेब."

"काहीच नाही, ते लपवून नेतात काय?"

माझा अनुभव असा, की गुन्हेगार माणूस ठाण्यात बसला की दाराकडे पाहतो. हा मात्र भिंतीवरच्या देवाच्या तसबिरीकडे पाहत होता. ही बाब मी मनात टिपून ठेवली.

इतक्यात त्याची बायको तरातरा आत आली. "साहेब, माहा माणूस मशीन बिघडवीन काय? थो त घरच्या कूलरले बी उदबत्ती ओवाळल्याबिगर बटन दाबत नाही!"

हवालदार हसले. मी हसलो नाही. मी यंत्रचालकाकडे वळलो. "झोल्यात उदबत्त्या नेतोस?"

त्याचे डोळे भरून आले. "हव साहेब. नारळ, फुलं, उदबत्ती. सुपरवायझरनं सांगतलं होतं, आत काडी पेटवली त त्याच दिवशी हाकलून देईन. म्हनून लपवून नेत होतो. काटा टिकूनच नाही राहिला, मंग मी करू काय? पन देव बी धूप घेऊन नाही राहिला."

"म्हणजे?"

"धूर वर जातच नाही. आडवा होते अन् बिजलीच्या कपाटामागं पळते. मले वाटलं, देवानं पाठ फिरवली."

"मले काहून नाही सांगतलं?" बायको म्हणाली.

"तुले सांगतलं असतं, त तू उपास धरला असता अन् मले बी उपाशी ठेवलं असतं!"

मी रोजनामच्यात नोंद केली, दोन पंच घेतले आणि त्याला घेऊन थेट इमारतीवर गेलो. बांधकामावर देखरेख करणाऱ्या प्राध्यापिकाबाईंनाही बोलावून घेतले. पंखा चालू होता. मी यंत्रचालकाला उदबत्ती पेटवायला सांगितले. धूर हातभर वर चढला, वाकला आणि कोणी दोरीने ओढावा तसा भिंतीवरच्या विजेच्या कपाटामागे शिरला.

सुपरवायझर पुढे सरसावला. "साहब, पॅनल को हाथ मत लगाइए, करंट है!"

"करंट कपाटात आहे, की तुमच्या चेहऱ्यावर?" मी म्हणालो. "मेन बंद करा."

कपाट उतरविले. मागे भिंतीला हात कोपरापर्यंत जाईल एवढे भगदाड होते. त्यातून तारांचा जुडगा सरळ बंदिस्त खोलीच्या छतात गेला होता. पंखा यंत्रघरातलीच हवा त्या भगदाडातून ओढत होता. काटा टिकणार कसा?

बाई शांतपणे म्हणाल्या, "माझ्या नकाशात हे भोक नाही."

सुपरवायझरला कबूल करावेच लागले. तारांसाठी भिंतीत नळी ठेवायची राहून गेली होती. त्याने घाईघाईने भिंत फोडली, वर कपाट ठोकले. "सोचा था, बाद में भर देंगे," तो पुटपुटला. पुढे काटा घसरला तेव्हा कारण त्याला कळले होते. पण ते सांगावे तर स्वतःची नोकरी जाते. म्हणून त्याने दुसऱ्याची पुढे केली. पंचनामा झाला, जबाब झाला, आणि खोट्या तक्रारीबद्दल त्याच्यावर रीतसर कारवाई झाली.

भगदाड पक्के बुजविल्यावर चाचणी झाली, तेव्हा मीही मुद्दाम हजर होतो. पंखा सुरू झाला. काटा चढला, रेघेवर आला आणि तेथेच खिळला. मजुरांनी टाळ्या वाजविल्या. बाईंनी यंत्रचालकाला हाक मारली. "भाऊ, यंत्रघरात एक उदबत्ती लावा. मलाही बघू द्या."

धूर सरळ वर गेला.

"घेतला!" त्याची बायको दारातून ओरडली. "घेतला देवानं!"

बाईंनी तिची चूक काढली नाही. मीही काढली नाही.

त्या माणसाने लावलेला अर्थ चुकला होता, पण त्याने पाहिलेले खरे होते. शिकलेल्यांनी काटा पाहिला, आम्ही झोला पाहिला. धूर फक्त त्याने पाहिला, आणि तो कोणाला सांगायची त्याला चोरी होती. या प्रकरणाने मला शिकविले ते एवढेच, आणि नोकरीतल्या सर्व प्रशस्तिपत्रांपेक्षा ते मला अधिक उपयोगी पडले. आजही माझ्या टेबलासमोर बसून कोणी म्हणाले, "साहेब, लिहा, देवाने पाठ फिरवली," तर मी लेखणी खाली ठेवतो आणि म्हणतो, "ते मागाहून लिहू. आधी सांगा, धूर कोणीकडे गेला?"