चांदणी काट्यावर का येईना

रुबिनानं पुन्हा पत्र्याचा बेडूक वाजवला. चांदणी जागची हलली नाही. डॉक्टरसाहेब सिरिंज भरून उभे होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमची शेळी शिकलेली आहे, असं फोनवर सांगितलं होतं तुम्ही."

"शिकलेलीच आहे," नाईक मॅडम म्हणाल्या.

"मग आज पेपर कोरा का देतीय?"

मुलं हसली. रुबिना हसली नाही. मी शेंगांचा डबा धरून तिच्या मागं उभी होते आणि खाली बघत होते.

मी एका कॉलेजच्या ॲनिमल शेडवर अटेंडंट होते. झाडलोट, चारापाणी, लेंड्या काढणं हे माझं काम. मुलं मला मावशी म्हणायची. कॉलेजात जनावरांचं वागणं आणि त्यांचं वेलफेअर असा एक कोर्स होता आणि नाईक मॅडम तो शिकवायच्या. त्यांचा निम्मा वर्ग शेडमध्येच भरायचा. मी अजिंठ्याला चौथीपर्यंत शिकले. तिथं बाई प्रश्न विचारायला लागल्या की मी पुढच्या मुलीच्या आडोशाला व्हायचे. इथं मला कुणी प्रश्न विचारत नव्हतं, त्यामुळं पाणी भरता भरता ऐकायला बरं वाटायचं.

वेलफेअर म्हणजे जनावराला नुसतं पोटभर घालणं नाही. त्याला भीती वाटते का, कुठं दुखतं का, मोकळं फिरता येतं का, हेही बघायचं. आणि वागणं बघताना आपल्या मनातलं त्याच्यावर लादायचं नाही. एकदा एका मुलानं "शेळी रुसली" असं लिहिलं. मॅडमनी ते खोडलं. म्हणाल्या, "शेळीनं तोंड फिरवलं, एवढं लिही. रुसली का नाही, ते तिचं तिला ठाऊक."

चांदणी आमची उस्मानाबादी शेळी. अंगानं काळीभोर, कपाळावर पांढरा ठिपका. आधीच्या खेपेला ती गाभण असताना लस द्यायची म्हणून मुलांनी तिला शिंगाला आणि पायाला धरून दाबलं होतं. ती जिवाच्या आकांतानं झटली आणि कुशीवर पडली. थोड्या दिवसांनी तिचा गाभ गेला. त्या झटापटीनंच गेला का दुसऱ्या कशानं, हे सांगता येत नाही, असं डॉक्टरसाहेब म्हणाले. पण मॅडमच्या मनाला ते लागलं. त्यानंतर माणसं जवळ आली की चांदणी भिंतीला अंग घासत कोपऱ्यात जायची.

ती पुन्हा गाभण राहिली तेव्हा मॅडमनी सगळ्यांना बजावलं, या वेळी तिला कुणी धरायचं नाही. तिनं आपल्या पायांनी वजनकाट्याच्या फळीवर यायचं, उभं राहायचं आणि सुई घ्यायची. वजन कळलं म्हणजे जंताचं औषध बेतानं देता येतं. सुई आंत्रविषाराच्या लसीची. हा पोटाचा रोग आहे, बघता बघता करडं नेतो. आईला वेळेवर लस दिली की तिच्या दुधातून करडांना आधार मिळतो. त्यामुळं लस चुकवून चालणार नव्हतं आणि झटापट करूनही चालणार नव्हतं.

शेळी आपण होऊन सुई घेईल, हे ऐकून मी पदराआड हसले होते.

ते काम रुबिनाकडं आलं. शहागंजची मुलगी, बोलायला चुरचुरीत. तिनं उरसातून पत्र्याचा खेळण्यातला बेडूक आणला. पोटाला दाबला की टिक्‌ टिक्‌ वाजायचा. मॅडमनी समजावलं, आवाज नेहमी एकच पाहिजे. आवाज झाला, शेळी फळीकडं आली, की लगेच खाऊ. असं रोज केलं की त्या आवाजाचा अर्थ तिला कळतो. याला ट्रेनिंग म्हणतात. खाऊ म्हणून बाभळीच्या शेंगा ठरल्या, कारण त्यांच्यासाठी शेळी काहीही करते.

रुबिना बेडूक वाजवायची, मी डब्यात हात घालून शेंग काढायचे आणि तिच्या हातात द्यायचे. पहिल्यांदा चांदणीनं नुसती मान वळवली. मग एक पाय टाकला. मग फळीवर दोन पाय, आणि होता होता चारही. रुबिना तिच्याशी घरच्यासारखं बोलायची. "आ ना गे, कायकू इतने नखरे? दुल्हन है क्या तू?" पुढं पुढं रुबिना तिच्या मानेला चिमटा काढायची, सुईची सवय व्हावी म्हणून. चांदणी शेंग चावत उभी राहायची. कोपऱ्यात जाणं तिनं सोडलं होतं.

आणि आता डॉक्टरसाहेब आले होते आणि ती हलत नव्हती.

डॉक्टरसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांचा फोन सारखा वाजत होता. हर्सूलकडं एक म्हैस अडली होती, तिथले लोक त्यांची वाट बघत होते. ते म्हणाले, "मॅडम, मला थांबता येणार नाही. दोघं जण धरा, एका मिनिटात टोचतो."

दोन मुलं बाह्या सारून पुढं झाली. चांदणी भिंतीकडं सरकली आणि तिनं अंग आक्रसलं. तिचं पोट दोन्ही बाजूंनी भरलं होतं.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. मुलं थांबली. त्या डॉक्टरांना म्हणाल्या, "पाच मिनिटं द्या. नाही जमलं तर तुम्ही म्हणाल तसं."

डॉक्टरसाहेब सुस्कारा टाकून बादली उलटी घालून तिच्यावर बसले.

रुबिनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती बेडूक दाबतच होती. मॅडमनी तो तिच्या हातून काढून घेतला आणि म्हणाल्या, "आता शेळीकडं बघू नकोस. शेळी कुठं बघतीय, ते बघ."

रुबिनानं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. चांदणीचे दोन्ही कान पुढं झाले होते आणि ती माझ्याकडं बघत होती. म्हणजे सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला वाटलं, डबा ठेवावा आणि चाऱ्याच्या खोलीत जावं.

"मावशी, तुम्ही रोज इथंच उभ्या राहता ना?" रुबिनानं विचारलं.

"व्हय."

"डबा तोच?"

"तोच."

ती माझ्याजवळ आली. माझ्या हाताला फडक्याची पट्टी गुंडाळलेली होती, ती तिला दिसली. "हे काय बांधलंय? लागलं का?"

लागलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी मॅडमनी मला बांगड्या काढून ठेवायला सांगितल्या होत्या. शेळी उसळली, काच फुटली, तर तिला रुतेल. त्यांचं बरोबरच होतं. पण सवाशिणीनं हात मोकळा कसा ठेवायचा? मी तसं पुटपुटले, तेव्हा त्या म्हणाल्या, मग निदान बांधून घ्या. म्हणून मी जुन्या साडीची पट्टी फाडून दोन्ही हातांच्या बांगड्या घट्ट बांधल्या होत्या. आमच्याकडं धारेला बसताना बाया असंच करतात.

मला एवढं सगळं सांगता आलं नाही. मी म्हटलं, "बांगड्या हाईत. बांधल्यात."

रुबिना मॅडमकडं वळली. मग मॅडमनी कपाळाला हात लावला. "अगं, रोज बेडकापाठोपाठ बांगड्या वाजतात. डब्यात हात गेला की. आणि मग शेंग येते. तिच्या लेखी बेडूक कुठला, बांगड्याच. आणि आज त्या बांधलेल्या, वाजणार कशा?"

"सोडा मावशी, सोडा," रुबिना म्हणाली आणि तिनंच माझी गाठ सोडली. "आता फळीच्या पलीकडं उभ्या राहा आणि हात हलवा."

एवढ्या लोकांसमोर मी पुढं गेले. डॉक्टरसाहेब बादलीवरून उठून बघत होते. मी रोजच्यासारखा डब्यात हात घातला. बांगड्या वाजल्या.

चांदणीनं भिंत सोडली. पोट सावरत चालत आली आणि चारही पाय फळीवर ठेवून उभी राहिली. मी शेंग दिली. मॅडमनी वजन बघितलं. डॉक्टरसाहेब हळूच बाजूला आले, कातडी चिमटीत धरली आणि सुई टोचून काढली. चांदणीनं एकदा कान झटकला आणि दुसरी शेंग मागितली.

"धन्य आहे," डॉक्टरसाहेब बॅग बंद करत म्हणाले. "निघतो आता. ती म्हैस काही बांगड्यांवर ऐकायची नाही."

रुबिनाचं एवढ्यावर समाधान झालं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मला भिंतीआड उभं केलं. नुसता बेडूक वाजवला, चांदणी रवंथ करत बसून राहिली. मी आडूनच बांगड्या वाजवल्या, ती उठून आली. रुबिना मला म्हणाली, "इतके दिन मैं टिक टिक करती रही, और सबक मौसी का चल रहा था." तिनं प्रोजेक्टमध्ये हे सगळं जसं घडलं तसं लिहिलं. मॅडम म्हणाल्या, बेडकाचं जमलं असतं तर एवढं शिकायला मिळालं नसतं. त्यांनी माझ्याकडून जुन्या बांगड्या मागून घेतल्या आणि दोरीत ओवून खिळ्याला अडकवल्या. म्हणजे मी रजेवर असले तरी शेळीचं अडणार नाही. आणि शेळीजवळ जाताना माझ्या बांगड्या बांधूनच, हा नियम त्यांनी सोडला नाही.

चांदणी सुखरूप व्याली. दोन करडं झाली, त्यातल्या एकाच्या कपाळावर ठिपका होता. पत्र्याचा बेडूक रुबिनानं त्यांच्यापुढं वाजवून बघितला. ती घाबरून आईच्या पोटाखाली गेली.

आपण शिकवायला बसतो एक आणि समोरचा शिकतो भलतंच, हे मला तेव्हा कळलं. पोरांना वाढवतानाही ते आठवायचं.

त्या वर्षी सणाला मी गुलमंडीत नव्या बांगड्या भरायला गेले. एकेक जोड कानाशी नेऊन वाजवून बघत होते. दुकानदार म्हणाला, "मावशी, बाया रंग बघतात. तुम्ही काय बघायलात?"

लांबून वाजल्या तरी शेळीला ओळखू आल्या पाहिजेत, हे भर दुकानात सांगायचा मला धीर झाला नाही. मी म्हटलं, "ह्याच द्या."