पिंपातला गूळ

आमची अहल्यावहिनी पक्की बडबडी, पण खोटं बोलायची वेळ आली की तिच्या तोंडातून शब्द फुटत नसे. तिचा नवरा म्हणजे माझा थोरला भाऊ, कृष्णाजीअण्णा. बंगळुरूबाहेरच्या चर्चच्या मळ्यात काळ्या ‘बंगळूर ब्ल्यू’ द्राक्षांची पूजेची वाइन करायचा. राहायची खोलीही मळ्यातच, माझा मुक्कामही त्यांच्यापाशीच. काम गेलं की छप्परही गेलं. फादरांची अट एकच. पिंपात द्राक्षाशिवाय काही पडलं तर ती वाइन पूजेला चालायची नाही.

अठ्ठावन्न साली नेमका द्राक्षं तुडवायच्या वेळी अण्णा तापानं फणफणला. पिंप वहिनीनं सांभाळलं. रस चाखला तर असा आंबट की डोळे मिटले! आमच्या घरात देवाला आंबट नैवेद्य कधी कुणी दाखवलाय का? बाईनं गुळाची अख्खी ढेप फोडून आत टाकली आणि ताप उतरल्यावर अण्णाला कौतुकानं सांगितलं.

"अगं, घात केलास!" अण्णा पांढराफटक पडला. "आता तोंड उघडू नकोस. कुणाला कळायचं नाही."

नाताळाआधी फादर आले. अण्णानं पेला भरून पुढे केला. फादरांनी घोट घेतला, मान डोलावली. "छान झालीय." हुश्श! माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात ही बया पुढे! "स्वामी, यात गूळ आहे. मी घातला. देवाला आंबट कसं द्यायचं?"

मी कपाळावर हात मारला. असा राग आला होता तिचा! फादर अण्णाकडे वळले. "तुला ठाऊक होतं?" अण्णानं मान खाली घातली.

"पिंपांच्या कोठाराची किल्ली दे."

किल्ली कमरेच्या करगोट्याला बांधलेली, तिची गाठ अण्णाला सुटता सुटेना. आता बोचकी बांधायची, एवढंच माझ्या मनात. फादरांनी किल्ली घेतली आणि वहिनीच्या हातावर ठेवली. "आता ही तुझ्याकडे."

पिंप मळ्यातच ओतून दिलं. काम राहिलं, छप्पर राहिलं, पण अण्णा वहिनीशी धड बोलेना. ताट वाढलं की मुकाट जेवायचा. वहिनी माझ्याजवळ रडायची.

पुढच्या वर्षी रस निघाला तेव्हा अण्णा तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "किल्ली देतेस?"

वहिनीनं स्वतः कुलूप काढलं, पेला भरून त्याच्यापुढे धरला. "चाखा. आंबटच आहे. त्यांच्या देवाला असंच आवडतं म्हणे."

अण्णा वर्षभरानं हसला.