धूळ न्हाई बिलकुल

बदनापुरातल्या आमच्या शेजाऱ्यांना काही विचारावं लागत नाही, ते कुंपणावरून आपणहून सांगतात. माझ्या परसातल्या चार कोंबड्यांखाली सोयाबीनचं भुसकट दिसलं, तसं त्यांनी हात घालून मूठभर उचललं, उन्हात धरलं आणि फुंकर मारली. "धूळ पाह्यली का, भाऊ? कोंबड्यांची छाती भरते यानं. सुताराकडून रंध्याचा जाड कीस आणा जल्दी."

मी मुकाट्याने आणला. सल्ला बरोबर होता, हेच तर दुखणं.

त्यांच्या स्वतःच्या खुराड्यात मात्र लाकडाच्या वखारीतला पिठासारखा बारीक भुसा, कारण तो फुकट मिळतो. कोंबड्या दिवसभर शिंकतात. मी एकदा तसं म्हटलंही. "हवा बदलून राह्यली," ते म्हणाले. "आपल्या भुशाला धूळ न्हाई बिलकुल."

काल सकाळी ते खुराडं झाडायला निघाले. आत शिरण्याआधी खांद्यावरच्या रुमालाने त्यांनी नाक-तोंड असं घट्ट बांधलं, की नुसते डोळे उघडे राहिले. आतून भुशाचा ढग उठला. बाहेर येऊन त्यांनी तो रुमाल माझ्या कुंपणावर झटकला आणि मागे वळून कोंबड्यांवरच खेकसले, "चूप बसा! कव्हाच्या शिंकून राह्यल्या!"