तसलं पुस्तक

चूक माझीच, ती आधी सांगून टाकते. भिंगारमधल्या एका छोट्या वाचनालयात मी ग्रंथपाल आहे. दोन वर्षांपूर्वी नवी पुस्तकं आली, त्यात एका कादंबरीच्या नावात लोणच्याची बरणी होती. मुखपृष्ठावरही बरणीच. गठ्ठा मोठा, मी एकटी, त्यात वीज गेलेली. मी ती न उघडताच पाककृतींच्या कपाटात लावून टाकली.

त्या कादंबरीत दोन बायका एकमेकींवर प्रेम करतात. एक बागायतदाराची लेक, दुसरी मिशनच्या दवाखान्यातली नर्स. दोघी एका घरात राहायला लागतात आणि गाव त्यांचा जीव नकोसा करतं. एवढंच. दोन वर्षं बायका ती नेत होत्या, वाचून आणत होत्या, कपाटात ठेवायच्या आधीच दुसरीच्या हातात देत होत्या. एकीनं तर "पुढचा भाग आलाय का?" म्हणून विचारलं. कुणाचा संसार मोडला नाही. मग एका बाईच्या नवऱ्यानं ती घरी चाळली, आणि झालं.

रविवारी सकाळी कार्यकारिणीची बैठक बोलावली. अध्यक्ष म्हणाले, "बाई, तसलं पुस्तक आपल्याकडं नको."

"तसलं म्हणजे कसलं?"

"आता तसलं म्हणजे तसलं. तुमाला कळतंय की."

बैठकीचं इतिवृत्त मीच लिहिते. मी पेन उघडून बसले. म्हटलं, काय लिहू ते सांगा, 'तसलं' असं काही मला लिहिता येत नाही. कोणी छताकडे बघतंय, कोणी मोबाईलमध्ये. शेवटी एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "आपल्या संस्कृतीत बसत नाही, असं लिहा." मी विचारलं, सर, तुम्ही वाचलंय का? नाही. अध्यक्षांनी? त्यांनी त्या नवऱ्यानं कोपरा दुमडून, मोबाईलवर फोटो काढून पाठवलेलं एक पान वाचलं होतं.

माझं डोकंच फिरलं. त्याच वाचनालयात बायकांना जाळणाऱ्या, विहिरीत ढकलणाऱ्या, पळवून नेणाऱ्या कादंबऱ्या रांगेनं उभ्या आहेत. तुम्हीच नेता त्या, तुमच्या नावावर नोंदी आहेत. ते सगळं संस्कृतीत बसतं. एका बाईनं दुसरीच्या डोक्याला तेल लावलं की तेवढं बसत नाही. त्या दुमडलेल्या पानावर दुसरं काहीही नाही हो. हे मी आवाज चढवून सगळ्यांसमोर बोलले, आणि बोलताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

अध्यक्ष शांतपणे म्हणाले, "ऱ्हाऊ द्या. ते कुणी कुणी नेलं, तेवढं रजिस्टर दाखवा. त्यांच्या घरच्यांच्या कानावर घालावं लागंल."

रजिस्टरात शेवटची नोंद माझ्या थोरल्या बहिणीची होती. पुस्तक तेव्हा तिच्याकडेच होतं. ताई निवृत्त शिक्षिका. तिनं लग्न केलं नाही. तिच्याच शाळेतल्या एका मैत्रिणीबरोबर ती तीस वर्षं भिंगारमध्येच राहते. मैत्रीण ख्रिस्ती, आणि घर मैत्रिणीच्या नावावर. पण आमच्या माहेरच्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नाही. पाहुण्यांत विषय निघाला की दादा म्हणायचा, ताईनं एक भाडेकरू ठेवलीय. आपली बहीण ख्रिस्ती बाईच्या घरात राहते हे सांगायची लाज, आणि त्याच्या पुढचं तर कुणी मनातसुद्धा म्हणत नव्हतं. आम्ही सगळेच भाडेकरू म्हणायला लागलो. मीसुद्धा.

मी रजिस्टर दिलं नाही. नोकरीवरून काढा म्हटलं, देणार नाही. त्यात कितीतरी बायकांची नावं होती आणि कुणाच्या घरी काय झालं असतं ते मला चांगलं ठाऊक होतं. मी ते छातीशी धरून बसले.

तेव्हा मुख्याध्यापक हसले. म्हणाले, "बाई एवढ्या का चिडल्यात ते आलं लक्षात. तुमच्या ताईंकडं ती एक असते ना, ती कोण म्हणायची?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. तासभर मी त्यांना नीट शब्द वापरा म्हणून झोडपत होते.

"भाडेकरू आहे," मी म्हणाले.

दुपारी ताईकडे गेले. रजिस्टर दिलं नाही ते रंगवून सांगितलं. मग उरलेलंही सांगावं लागलं, कारण ताईसमोर मला आजवर खोटं बोलता आलेलं नाही. ती सोफ्यावर बसली होती, चष्मा काढून पुसत होती.

"मग भाडं कोण घेतं, ते नाही विचारलं का त्यांनी?" ती म्हणाली. ती हसत नव्हती.

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं मैत्रीण चहा घेऊन बाहेर आली. तीस वर्षं ती मला अगं-तुगं करत आली आहे, माझ्या बाळंतपणात तिनं मला रागावून रागावून खाऊ घातलं होतं. तिनं कप माझ्यासमोर ठेवला, बशीची कड सरळ केली.

"चहा घ्या," ती म्हणाली.