कोणाची तरी अमानत

भागीरथीमावशीला जाऊन महिना उलटला. शेवटची भेट नांदेडच्या दवाखान्यातली. नर्सने मला विचारलं, "मुलगी का तुम्ही?" मी हो म्हणणार, तोच मावशीने मान हलवली. "न्हाई बाई. अमानत हाय माझ्याकडं, दुसऱ्याची ठेव." जाता जातासुद्धा तिने मला आपली म्हटलं नाही.

दुष्काळात माझे आई-बाप कामासाठी हैदराबादेकडे निघाले, तेव्हा मी सहा वर्षांची होते. निलंग्यात आमच्या शेजारी मावशी एकटीच राहायची. तिच्या ओट्यावर मला बसवून आई म्हणाली, "पोरीला संभाळा. पाऊस पडला की येताव." पाऊस पडला, ते आले नाहीत. मावशी खडी फोडायला जायची आणि भाकरीतला मोठा तुकडा मला द्यायची. एकदा मी तिला "आई" म्हटलं, तर तिने माझ्या तोंडावर हातच ठेवला. "तुजी आई यायचीय. तिला काय म्हणशील मग?" मी रुसले, रडले... बाई ढिम्म हलली नाही.

आमच्या शाळेतल्या उर्दू जाणणाऱ्या गुरुजींनी एकदा सांगितलं होतं की अमानत, अमन, ईमान हे सगळे अरबीतल्या एकाच मुळातून आलेले शब्द. सुरक्षित असणं, निर्धास्त असणं हा त्यांचा गाभा. ज्याच्या हवाली करून माणूस निर्धास्त होतो, तो अमानतदार. अर्थ सुरेख आहे. पण हवाली केलेल्या जिवाला काय वाटतं, ते त्यात कुठंच नाही.

लातूर वेगळा जिल्हा झाला, पुढे तिथल्या कचेरीत मला नोकरी लागली, लग्नही ठरलं. मांडवात कन्यादानाला मावशी बसेना. "माजी न्हाई, तर देऊ कशी?" शेवटी शेजारचं जोडपं बसलं. लातूरला चल म्हणून मी तिच्या किती विनवण्या केल्या! एकच उत्तर... "त्यांनी तुला हितं ठिवलंय. हितंच मागाय येतील."

संध्याकाळची हैदराबादची एसटी येऊन जाईपर्यंत ती उंबऱ्यावर बसायची. आता रविवारी जाऊन मी बसते. आई-बाप जिवंत असतील असं मला वाटत नाही, तरी गाडीचा आवाज आला की मी उंबऱ्याच्या आत सरकते. कोणी न्यायला आलंच तर? मला कोणाकडेच परत जायचं नव्हतं गं, मावशी. हे ऐकायला तरी थांबायचं होतंस.