डंकावर ऐकलेला डिप्लोमा

माझी धाकटी जाऊ वाईट नाही, हीच खरी अडचण आहे. ती शिष्ट असती, भांडखोर असती, तर चारचौघींत तिच्या नावाने बोटं मोडून मी मोकळी झाले असते. पण ती गोड आहे. बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहे, वरळीला तिच्या खिडकीतून समुद्र दिसतो, आणि तिची मुलगी असं इंग्रजी बोलते की माझं तोंड आपोआप मिटतं. आम्ही लालबागला, सासऱ्यांच्या चाळीतल्या खोलीत. आमच्या गॅलरीतून समोरच्या टॉवरचं बांधकाम दिसतं. तिची आणि माझी मुलगी एकाच वर्षीच्या, त्यामुळे पहिल्या दातापासून मी दोघींना मनातल्या मनात मार्क देत आले आहे.

वर्षाचा मसाला मात्र आम्ही जावा मिळून करतो. प्रमाण सासूबाईंचं आणि कुटायला लालबागच्या गिरणीतला डंक. मे महिन्यात ती मुद्दाम रजा काढून येते आणि नाकाला रुमाल बांधून माझ्या शेजारी उभी राहते. त्या वर्षी दोन्ही मुलींचे दहावीचे निकाल लागले होते. माझ्या मुलीला छान मार्क पडले होते. जाऊ स्वतःच्या मुलीचा विषयच काढत नव्हती, आणि मला चैन पडत नव्हतं. शेवटी मीच विचारलं, "मग आता पुढे काय तिचं?"

डंकाची धाडधाड चालू होती. तिने तोंड माझ्या कानाशी आणून काहीतरी सांगितलं. त्यातला एकच शब्द मला धड ऐकू आला. डिप्लोमा.

आता, आमच्या भागात डिप्लोमा म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. दहावी झाली की अकरावीच्या फंदात न पडता पॉलिटेक्निकला जायचं, तीन वर्षांनी नोकरी धरायची, नाहीतर थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला बसायचं. आमच्या चाळीतली कितीतरी पोरं त्याच वाटेने गेली. पण वरळीची, एसी बसमधून शाळेत जाणारी आमची पुतणी? मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मिरचीचं निमित्त होतं म्हणून निभावलं.

"अगं, वाईट वाटून घेऊ नकोस," मी तिच्या पाठीवर हात ठेवून ओरडले. "डिप्लोमा काही कमी नसतो!"

तिने हसून मान हलवली. तिलाही माझं अर्धंच ऐकू गेलं असणार. मी तिच्या डब्यात मसाला हात सैल सोडून भरला. संध्याकाळपर्यंत आमच्या मजल्यावरच्या प्रत्येक दारात मी ही बातमी पोचवली, तीसुद्धा हळहळत.

फक्त एक घोळ होता. माझ्या मुलीलाही डिप्लोमाच करायचा होता, सिव्हिलचा. समोरच्या टॉवरचा स्लॅब भरला जायचा त्या दिवशी ती गॅलरीतून हलत नसे. आदल्या महिन्यात मी अर्धीअधिक तयारही झाले होते. पण आता कशी होणार?

"काकीची मुलगी नाइलाजाने गेली तिकडे," मी म्हटलं. "तुला मार्क आहेत. तू अकरावी सायन्सच घ्यायचं."

"पण मला आवडतं ते, आई."

"तिला काय पाहिजे ते तरी बघ," नवरा म्हणाला. मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. शीवच्या बाजूच्या एका चांगल्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला, शिवाय मी जेईईचा क्लासही लावला. ती मुकाट जायला लागली. गॅलरीत उभी राहायची बंद झाली.

आषाढ संपता संपता दीराकडे गटारीचं जेवण होतं. मटण झकास झालं होतं, मसाला आमचाच. मी तृप्त होते, उदार होते. पुतणीच्या ताटात रस्सा वाढत मी प्रेमाने विचारलं, "कुठल्या पॉलिटेक्निकला मिळालं गं तुला? लांब नाही ना पडत?"

पुतणीने आईकडे बघितलं. "पॉलिटेक्निक नाही, मोठी आई. आयबी डिप्लोमा. शाळेतच आहे, दोन वर्षं. म्हणजे आपली बारावीच, फक्त ती बाहेरच्या देशांतही चालते."

"ताई, मी सांगितलं होतं ना तुम्हाला डंकावर?" जाऊ म्हणाली, तेही गोड आवाजात. पुतणी पुढे सांगतच होती. तिने फिजिक्स घेतलं होतं आणि त्याच्या जोडीला नाटक. नाटक हा विषय! आमच्याकडे मुलीने सायन्स घेतलं की नाटक घरचे करतात. मी ताटातलं मटण बाजूला सारलं. समोर समुद्र दिसत होता. मला तोही बघवत नव्हता.

परतताना बसमध्ये मुलगी माझ्या शेजारी बसली. नवऱ्याला मागे जागा मिळाली होती.

"मग आता डिप्लोमा चांगला झाला का गं?" तिने विचारलं.

"तो वेगळा असतो."

"मला माझाच हवाय. पॉलिटेक्निकची शेवटची फेरी बाकी आहे अजून."

मी विचार केला आणि मला एकदम हलकं वाटलं. उद्या चाळीत कुणी विचारलंच तर आमच्या घरातल्या दोन्ही मुली डिप्लोमा करतायत, एवढं सांगून भागणार होतं. खोटं एक अक्षर नाही. "जा," मी म्हटलं. "घे सिव्हिल."

मला वाटलं ती गळ्यात पडेल. ती माझ्याकडे वळून बसली.

"आई, काकीचं नाव मधे न आणता एकदा सांग ना. मी काय व्हावं असं तुला वाटतं?"

"इंजिनिअर," मी पटकन म्हटलं.

"काकीच्या मुलीआधी?"

"तिच्याआधी," माझ्या तोंडून गेलं.

लालबाग येईपर्यंत ती खिडकीकडे तोंड करून बसली.

सिव्हिलला तिने प्रवेश घेतला. आता ती पुन्हा गॅलरीत उभी राहते. शेजारणींनी विचारलं की मी सांगते, आमच्या दोघी डिप्लोमा करतायत. कुठला, ते कुणी विचारत नाही. मुलगी घरात असली की मात्र मी हे वाक्य बोलत नाही. दार लोटून घेते.